तिघींचं एक नाव



या कार्यक्रमात आपण बहुतेक वेळा शेळ्या, बियाणं, कर्जाचे हप्ते असं काही बोलतो. आज नाटकाबद्दल बोलायचं आहे. रंगमंचावर टाळ्या घेणाऱ्या नटनट्यांबद्दल मात्र नाही. त्यांच्या अंगावरचे कपडे ठरवणाऱ्या, शिवणाऱ्या आणि त्यांच्या मागचा देखावा उभा करणाऱ्या बायकांबद्दल.

विषय का निघाला ते आधी सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. होळीपर्यंत हाच हंगाम. मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका ताईने एका नाटक मंडळाचं काम घेतलं. नाटक राजेशाही थाटाचं होतं. अंगरखे, शेले, नऊवारी, सगळं नवं शिवायचं होतं. बोलणी तोंडीच झाली. कापड ताईने उधारीवर उचललं. दिवस कमी होते म्हणून आम्ही चौघी-पाच जणी रात्री तिच्याकडे बसून काजं केली, झालरी लावल्या. नाटक झालं, लोकांनी वाहवा केली, आणि पैसे मात्र निम्मेच आले. मंडळाचं म्हणणं, अंगरख्याचा रंग दिव्यात उठला नाही.

पुढच्या बैठकीत वाद पेटला. काम ताईचं होतं की गटाचं? रात्री बसलेल्या बायकांच्या मजुरीचं काय? दुकानाची उधारी कोणी भरायची? दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. एक बाई तर पासबुक टेबलावर ठेवून निघून गेली.

त्याच सुमारास लंडनच्या तीन बायकांची हकिकत आमच्या वाचनात आली. नव्वद वर्षांपूर्वीची. देश वेगळा, भाषा वेगळी, पण त्यांच्यापुढचे प्रश्न आमच्या बैठकीतल्यासारखेच होते. म्हणून ती आम्ही गटात सांगितली, आणि आज तुम्हाला सांगतो.

या तिघींपैकी दोघी सख्ख्या बहिणी. थोरली सोफी हॅरिस, जन्म १९०० सालचा. धाकटी मार्गारेट, १९०४ ची, तिला सगळे पर्सी म्हणत. तिसरी त्यांची मैत्रीण एलिझाबेथ मॉन्टगोमेरी, १९०२ ची. चित्रकलेच्या शाळेत त्यांची गाठ पडली. इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्क मिळाला तोच मुळी १९२८ साली. तेव्हा या तिघी पंचविशीच्या आसपासच्या. चित्रं काढून पोट भरायचं, तेही बाईने, हे काही सोपं नव्हतं.

तिघींना नाटकाचं वेड. लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात जायचं आणि नटांची चित्रं काढायची. तिथे जॉन गिलगुड नावाचा तरुण नट शेक्सपिअरच्या नाटकांतून गाजत होता. त्याने ही चित्रं पाहिली, त्याला ती आवडली. १९३२ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवायला त्याला बोलावलं, तेव्हा त्याने कपड्यांचं काम या तिघींना दिलं.

आता कार्यक्रमपत्रिकेवर नाव कोणाचं छापायचं? तिघींनी मिळून एकच नाव घेतलं, मॉटली. इंग्रजीत मॉटली म्हणजे जुन्या काळच्या विदूषकाचा रंगीबेरंगी तुकड्यांचा अंगरखा. आपल्या गोधडीचीच आठवण येते ना? शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द येतो, तिथून तो त्यांनी उचलला. त्यानंतर जवळजवळ आयुष्यभर तिघींचं काम या एकाच नावाने झालं. सोफीने काढलेला झगा असो की एलिझाबेथने, बाहेर नाव एकच.

इथे जरा थांबून त्यांचं काम काय ते समजून घेऊ. नाटकाचा डिझायनर आधी नाटक वाचतो. प्रत्येक पात्र कसं दिसेल, कुठल्या अंकात काय घालेल, याची चित्रं काढतो. देखाव्याचा लहानसा नमुना पुठ्ठ्यात करतो. आजही इंग्लंडमध्ये असा नमुना साधारण २५ ला १ या मापाने करतात, म्हणजे २५ फुटांची भिंत नमुन्यात एक फुटाची होते. सुतार, शिंपी, रंगारी, दिवेवाला, सगळे तो पाहून काम करतात. मग कापड निवडायचं, शिवणाऱ्याजवळ बसायचं, नटाच्या अंगावर घालून पाहायचं. पडदा उघडेपर्यंत हे चालतं. एकदा पडदा उघडला की काम संपलं, आणि पुढचं कधी मिळेल ते ठाऊक नाही. यालाच फ्रीलान्स म्हणतात. महिन्याचा पगार नाही, रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. जेवढं काम तेवढा पैसा, आणि तोही वेळेवर येईल तर.

अशा माणसाला कशाचा आधार लागतो? मॉटलीच्या हकिकतीत त्याचं उत्तर एकेक करून सापडतं.

पहिला आधार स्वस्त कापडाचा. त्या काळी लंडनला जुन्या जमान्याचं नाटक असलं की कपडे बहुतेक भाड्याने आणत. मोठ्या दुकानांत राजाराणीचे मखमली पोशाख टांगलेले असत, तेच या नाटकातून त्या नाटकात फिरत. मॉटलीने हे मोडलं. प्रत्येक नाटकाचे कपडे त्या नाटकासाठीच व्हायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. पण मखमल आणि रेशीम घ्यायला पैसा कुठला? मग त्यांनी जाडंभरडं, साधं कापड घेतलं. ते रंगवलं, त्यावर रंगाचे हात मारले. १९३४ च्या ‘हॅम्लेट’मध्ये राजदरबाराचे पोशाख रंगवलेल्या जाड्याभरड्या कापडाचे होते, आणि प्रेक्षकांना ते भरजरी दिसले. यात जादू काही नाही. दहाव्या ओळीत बसलेल्या माणसाला विणकाम दिसत नाही. कापड अंगावरून कसं खाली पडतं आणि दिव्यात त्याचा रंग कसा दिसतो, एवढंच त्याला दिसतं. हे एकदा कळलं की पैसा कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हेही कळतं.

दुसरा आधार जागेचा. १९३३ साली ‘रिचर्ड ऑफ बोर्डो’ हे नाटक आलं. ते लिहिणारी एलिझाबेथ मॅकिंटॉश नावाची बाई होती, पण जाहिरातीत तिने गॉर्डन डेव्हिअट असं पुरुषाचं नाव लावलं होतं. वर्षभराहून जास्त ते नाटक चाललं. त्यात गिलगुडचं नाव झालं आणि मॉटलीचंही. मग तिघींनी सेंट मार्टिन्स लेन या नाट्यगृहांच्या वस्तीत एक जुनी जागा घेतली. अठराव्या शतकातला नामांकित फर्निचरवाला टॉमस चिपेंडेल याचा कारखाना एके काळी तिथे होता. आता तिथे कापडाचे तागे, रंगाच्या बादल्या आणि तीन बायका. नटनट्या तालमीतून सुटले की तिथे येऊन बसत. गप्पांत पुढच्या नाटकाची बातमी कळायची, आणि बातमीतून काम मिळायचं. एकेकटी आपापल्या घरी बसून शिवत राहिली असती तर हे झालं नसतं. आपल्या गटाला बसायला समाजमंदिराची खोली मिळावी म्हणून आपण ग्रामपंचायतीत खेटे घालतो, ते उगाच नाही.

तिसरा आधार हिशेबाचा. ऑक्सफर्डच्या त्या विद्यार्थी मंडळींचा पुढारी जॉर्ज डिव्हाइन पुढे लंडनला आला. नटाचं काम करता करता तो मॉटलीचा व्यवहार पाहू लागला. पुढे सोफीशी त्याचं लग्नही झालं. चित्र काढणाऱ्या हाताला पैशाचं बोलणं जड जातं. ‘ताई, तुमचं काम काय सुंदर असतं’ असं कोणी म्हटलं की आपण भाव सांगायला लाजतो. म्हणून भाव सांगणारा आणि वही ठेवणारा माणूस वेगळा असला की बरं. आपल्या गटात सचिव असतेच. तिच्या हाती वही द्या आणि बोलणी तिलाच करू द्या.

१९३५ साली गिलगुडने लंडनला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पुन्हा केलं. त्यात तो आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी काही आठवड्यांनी आपसांत भूमिका बदलल्या, म्हणून ते नाटक आजही आठवलं जातं. मॉटलीने त्यासाठी एकच देखावा केला. ज्युलिएटच्या सज्जाचा बुरूज सगळा वेळ मंचावर उभाच. पुढचा प्रवेश आला की थोडा फेरफार. पडदे पाडून सामान हलवण्यात वेळ जाईना, माणसं कमी लागली आणि नाटक धावू लागलं.

चौथा आधार शिकवण्याचा, आणि आम्हाला तो सगळ्यांत मोठा वाटतो. १९३६ मध्ये लंडनला लंडन थिएटर स्टुडिओ नावाची शाळा निघाली. मिशेल सँ-देनी हा फ्रेंच दिग्दर्शक ती चालवी. तिथे नट शिकत, आणि त्यांच्याच बरोबर देखावे नि कपडे करणारेही शिकत. त्यांना मॉटलीच्या बायका शिकवत. तिथे शिकलेली जोसेलिन हर्बर्ट पुढे इंग्लंडच्या पहिल्या रांगेतल्या डिझायनरांत गणली गेली. काम करणाऱ्याला नेहमी भीती असते की दुसरीला शिकवलं तर आपलं काम जाईल. या तिघींनी ती धरली नाही.

मग १९३९ साली महायुद्ध लागलं आणि शाळा बंद पडली. १९४० मध्ये मार्गारेट आणि एलिझाबेथ अमेरिकेला गेल्या. ऑलिव्हिएचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ न्यूयॉर्कला होणार होतं, त्याच्या कामासाठी. ते नाटक साफ पडलं. परतीची वाट युद्धाने अवघड केलेली, हाताशी आपली माणसं नाहीत. तिकडची रीतही वेगळी. ब्रॉडवेच्या नाटकांत देखाव्याचं किंवा कपड्यांचं काम करायचं तर तिथल्या डिझायनरांच्या कामगार संघटनेचं सदस्य असावं लागे. बाहेरून आलेल्याला हे जाचक वाटतं. पण त्या संघटनेमुळेच तिथे कामाचा दर आणि करार ठरलेला असायचा, हेही खरं.

सोफी इंग्लंडमध्येच राहिली आणि काम करत राहिली. मार्गारेट युद्धानंतर परतली. एलिझाबेथ मात्र १९६६ पर्यंत अमेरिकेतच होती. म्हणजे मध्ये अख्खा समुद्र, पण नाव तेच. १९४९ साली ब्रॉडवेवर गाजलेल्या ‘साउथ पॅसिफिक’चे कपडे मॉटलीचे. १९५४ च्या ‘पीटर पॅन’चेही. नाटकांसाठी अमेरिकेत टोनी नावाचा मानाचा पुरस्कार असतो. वेशभूषेसाठी तो मॉटलीला दोनदा मिळाला, १९५८ मध्ये आणि १९६१ मध्ये.

ही गोष्ट आम्ही गटात सांगितली तेव्हा इथे एका काकूंनी अडवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे राबली एकटी आणि नाव तिघींचं? मग कोणाच्या हातचं काम ते कसं कळायचं?” प्रश्न रास्त होता. एका नावाची ही किंमत असतेच. मॉटली हे नाव नाटकवाल्यांना ठाऊक होतं, पण त्यामागची सोफी कोण आणि एलिझाबेथ कोण, हे सामान्य प्रेक्षकाला कधी कळलंच नाही. पण दुसरी बाजूही आहे. एकीला काम नसेल तेव्हा दुसरीच्या कामाने नाव जिवंत राहिलं. एक लंडनला, एक न्यूयॉर्कला असतानाही नव्या माणसाला ओळख सांगायची वेळ आली नाही. काकूंच्या प्रश्नावर आम्ही तोडगा काढला तो असा: बाहेर नाव गटाचं, आत नोंदवहीत प्रत्येकीचं. कोणी कापलं, कोणी शिवलं, किती तास बसली, सगळं वहीत.

सोफी १९६६ साली वारली. त्याच वर्षी मार्गारेटने लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये नाट्यरचनेचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. आपल्याकडे या वयात बाईला नातवंडं सांभाळायला बसवतात. मार्गारेटने पुढे तीसेक वर्षं शिकवलं. तो अभ्यासक्रम जागा बदलत राहिला, पण मॉटलीच्या नावाने ओळखला गेला, आणि तिच्यामागेही काही वर्षं चालला. २००० साली ती गेली, तेव्हा पंच्याण्णव वर्षांची होती. त्याआधी १९६४ मध्ये मॉटलीच्या नावाने रंगमंचाचे कपडे कसे आखायचे नि शिवायचे याचं पुस्तकही निघालं होतं. हातातली विद्या कागदावर उतरली.

आणखी एक गोष्ट. मॉटलीची हजारो चित्रं आज अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. १९८१ साली विद्यापीठाने ती घेतली. त्यांत नुसती चित्रं नाहीत. कापडाचे तुकडे आहेत, सामानाच्या याद्या आहेत. झग्याचं चित्र आणि तो कुठल्या कापडाचा होणार त्याचा तुकडा.

हे ऐकल्यावर आमच्या ताई एकदम म्हणाल्या, “मी तुकडा दाखवलाच नव्हता हो.”

तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. मंडळाने रंग उठला नाही म्हणून पैसे कापले. आधी चित्राला कापडाचा तुकडा टाचून दाखवला असता, रात्री दिव्याखाली धरून पाहिला असता आणि खाली सही घेतली असती, तर ते बोलायला जागा उरली नसती. मंडळ चुकलंच. पण आपल्या हातात कागद नव्हता.

इंग्लंडमधल्या नाट्यरचनाकारांनी १९७५ साली आपली संस्था काढली, सोसायटी ऑफ ब्रिटिश थिएटर डिझायनर्स. तिकडे आता रीत बसली आहे की डिझायनरचा मेहनताना साधारणपणे तीन हप्त्यांत मिळतो. करारावर सही झाली की पहिला, चित्रं नि नमुना पूर्ण करून दिला की दुसरा, नाटकाचा पडदा उघडला की तिसरा. कापड, लाकूड, रंग यांचा खर्च नाटक कंपनीचा, तो मेहनतान्यात मिसळायचा नाही. हे कोणी आयतं आणून दिलं नाही. एकेकटे होते तोवर प्रत्येकाने आपापली फसवणूक सोसली. एकत्र बसले तेव्हा रीत ठरली.

आमच्या गटानेही तिसऱ्या बैठकीत ठराव केला. तो जसाच्या तसा सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल.

नाटकाचं, गॅदरिंगचं, लग्नाचं, कसलंही शिवणकाम यापुढे गटाच्या नावाने घ्यायचं. काम एकीने आणलं तरी बोलणी सचिव आणि आणखी एक जण मिळून करतील. साध्या कागदावर का होईना, लिहून सही घ्यायची: किती नग, कोणतं कापड, कोणती तारीख, किती पैसे. कागदाला कापडाचा तुकडा टाचायचा आणि त्याचा दुसरा तुकडा आपल्या फायलीत ठेवायचा.

कापडाचे पैसे सगळे आधी घ्यायचे, मजुरी तीन हप्त्यांत. समजा, सामान ६,००० रुपयांचं आणि मजुरी ९,००० रुपये. तर काम घेतानाच ६,००० आणि ३,००० मिळून ९,००० रुपये हाती यायला हवेत. कपडे अंगावर घालून पाहिले की ३,०००. शेवटचे ३,००० कपडे ताब्यात देताना, नाटकाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. उद्या कोणी बुडवलंच तरी आपली घरची रक्कम बुडत नाही आणि दुकानाची उधारी राहत नाही.

प्रत्येक कामात एक नवी मुलगी बरोबर घ्यायची आणि तिला शिकवायचं. तिचेही तास वहीत लिहायचे.

ज्या बहिणी शिंपीकाम करतात त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. ही योजना केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली. अठरा पारंपरिक धंद्यांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाची सोय आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज आहे. लाभ मात्र कुटुंबातल्या एकालाच मिळतो, गटाला नाही. माहिती सीएससी केंद्रावर मिळेल. जाताना आधार आणि बँकेचं पासबुक न्या.

मागचे बुडालेले पैसे आम्हाला अजून मिळालेले नाहीत. खोटं कशाला सांगू? दुकानाची उधारी फेडायला गटाने ताईला अंतर्गत कर्ज दिलं, हप्ते चालू आहेत. पासबुक ठेवून गेलेली बाई पंधरा दिवसांनी आली. आम्ही वही तिच्यासमोर ठेवली. तिच्या नावापुढे तिच्या जागलेल्या रात्री लिहिलेल्या होत्या, सात. तिने त्या मोजल्या, पासबुक उचललं आणि विचारलं, पुढची मंडई कधी आहे.

या हंगामात एका गावच्या मंडळाने आम्हाला विचारलं आहे. कागद तयार आहे, तुकडे कापून ठेवले आहेत. गटाच्या नावाने शिवायचं आमचं हे पहिलंच नाटक. तुमच्या गावात कोणी बहीण उधारीच्या कापडावर दुसऱ्याचा राजा-राणी सजवत बसली असेल, तर एवढं कराच. तिला एकटीला बसू देऊ नका, आणि तिचे तास लिहून ठेवा.